चर्मवाद्यांचे पान आणि नादाचे औचित्य : एक समीक्षा

बीजशब्द : अवनद्ध वाद्ये, पुडी, शाई, कणीक, खंजिरी, डफडे, कृत्रिम पान, औचित्य

प्रस्तावना

तालवाद्यांच्या समीक्षेत वादकाच्या हाताला जितके महत्त्व मिळते तितके वाद्याच्या पानाला मिळत नाही. कायदा, रेला, तुकडा, तिहाई यांची चर्चा होते. लयकारीची तारीफ होते. घराण्यांच्या बाजाचे भेद सांगितले जातात. परंतु हा सारा डोलारा ज्या वीतभर कातड्यावर उभा असतो, ते कातडे कोणते निवडले, किती ताणले आणि त्यावर कोणता लेप चढवला, हा विषय वाद्य मढवणाऱ्या कारागिराच्या दुकानापुरता मर्यादित राहतो. वास्तविक पाहता पहिली थाप पडण्यापूर्वीच नादाविषयीचा सर्वांत मोठा निर्णय झालेला असतो. वादकाची कला त्या निर्णयाच्या मर्यादेतच फुलते.

प्रस्तुत लेखात चर्मवाद्यांच्या पानाची निवड आणि ते स्वरात लावण्याची प्रक्रिया यांचा समीक्षात्मक विचार केला आहे. यवतमाळ जिल्ह्यातील कळंब हे तालुक्याचे गाव या विचाराची पार्श्वभूमी आहे. यवतमाळ–नागपूर मार्गावरील हे गाव श्री चिंतामणीच्या मंदिरासाठी विदर्भात प्रसिद्ध आहे. हे मंदिर जमिनीच्या पातळीखाली असून पायऱ्या उतरून गाभाऱ्याकडे जावे लागते. एकीकडे दगडी, बंदिस्त जागेतील भजन आणि दुसरीकडे उघड्या रस्त्यावरील मिरवणूक, अशी नादाची दोन टोके अशा गावात शेजारी शेजारी नांदतात. एकीला योग्य ठरणारे पान दुसरीला योग्य ठरेलच असे नाही. मग ‘चांगला नाद’ ठरवण्याची कसोटी कोणती, हा या लेखाचा मुख्य प्रश्न आहे.

नाद घडवणाऱ्या तीन गोष्टी

ताणलेल्या पानाचा स्वर प्रामुख्याने तीन गोष्टींवर अवलंबून असतो : मुखाचा व्यास, पानावरील ताण आणि पानाचे वजन. मुख लहान केले की स्वर चढतो, ताण वाढवला की स्वर चढतो, पान जड केले की स्वर उतरतो. सहा इंच आणि पाच इंच मुखाच्या दोन चौकटींवर एकाच जाडीचे साधे कातडे सारख्याच ताणाने चढवले, तर त्यांच्या कंपनसंख्यांचे गुणोत्तर ५ : ६ येते. संगीताच्या परिभाषेत हे अंतर षड्जापासून कोमल गंधारापर्यंतचे होय. ताणाचा हिशोब मात्र अधिक कठोर आहे. स्वर एका सप्तकाने चढवायचा तर ताण चौपट करावा लागतो. षड्जावरून शुद्ध रिषभावर जाण्यासाठीही ताण सुमारे २७ टक्क्यांनी वाढवावा लागतो.

यावरून एक व्यावहारिक सत्य स्पष्ट होते. कोणतेही वाद्य केवळ ताणून हव्या त्या स्वरात आणता येत नाही. टिपेच्या स्वरासाठी लहान मुखाचा तबला आणि ढाल्या स्वरासाठी मोठ्या मुखाचा तबला वेगळा ठेवण्याची प्रथा याच कारणाने पडली. मोठ्या मुखाची पुडी बळेच चढवली तर तिचा आवाज आखडतो व ती फाटण्याचा धोका वाढतो. लहान मुखाची पुडी फार उतरवली तर ती सैल पडून आस हरवते. प्रत्येक पानाला स्वतःचा असा एक सुखाचा पल्ला असतो. जाणकार वादक वाद्य विकत घेतानाच तो ओळखतो.

चौथी गोष्ट मोजता येण्यास अवघड आहे, ती म्हणजे पानाचा एकसारखेपणा. जनावराच्या कातड्याची जाडी सर्वत्र सारखी नसते. पाठीच्या कण्यालगत ती जास्त आणि पोटाकडे कमी असते. अशा कातड्यातून सारख्या जाडीचा तुकडा निवडणे ही कारागिराची पहिली परीक्षा होय. निवड चुकली तर तबल्याच्या सोळा घरांपैकी काही चढी व काही उतरी लागतात. मग गजऱ्यावर हातोडीचे कितीही ठोके दिले तरी पुडी एका स्वरात येत नाही. भरताच्या नाट्यशास्त्रातही वाद्य मढवण्यासाठीचे कातडे जुने, फाटलेले, कावळ्यांनी टोचलेले, चरबीयुक्त अथवा धूर व अग्नीने बिघडलेले नसावे, असे सांगितले आहे. आजच्या कारागिराची तपासणीही याहून फार वेगळी नाही.

शाई आणि कणीक : स्वरमयतेचा मार्ग

साध्या गोल पानाची एक अंगभूत अडचण आहे. त्यातून मूळ स्वरासोबत निघणारे उपस्वर मूळ स्वराच्या दुप्पट, तिप्पट अशा पूर्ण पटीत येत नाहीत. आदर्श पानाचे पहिले काही उपस्वर मूळ स्वराच्या सुमारे १.५९, २.१४, २.३० आणि २.६५ पट असतात. त्यामुळे अशा पानावरील आघात कानाला ठोका वाटतो, स्वर वाटत नाही. तारेच्या वाद्याला ही अडचण येत नाही, कारण तारेचे उपस्वर मुळातच पूर्ण पटींच्या जवळ असतात.

भारतीय वाद्यपरंपरेने या अडचणीवर शोधलेला उपाय म्हणजे पानाच्या मध्यभागी वजन वाढवणे. नाट्यशास्त्रातील मार्जनाविधीत त्यासाठी नदीकाठच्या काळ्या मातीचा लेप सांगितला असून, ती न मिळाल्यास गव्हाचे पीठ वापरण्याची मुभा दिली आहे. पखवाजाच्या डाव्या तोंडावर वादनापूर्वी ओली कणीक लावण्याची आजची रीत या विधीशी जवळचे नाते सांगते. कणीक वाढवली की डावा स्वर उतरतो, काढली की चढतो. ती वाळू लागली की नाद बदलतो, म्हणून तिचा ओलावा राखावा लागतो. वादन संपल्यावर ती खरवडून काढली जाते. कणकेचा लेप हा अशा प्रकारे त्या दिवसापुरता, त्या गायकापुरता घेतलेला निर्णय असतो.

तबल्याची शाई हा मात्र कायमचा निर्णय होय. लोहचूर्ण आणि खळ यांचे मिश्रण थरावर थर देऊन पुडीवर चढवले जाते व प्रत्येक थर दगडाने घोटला जातो. घोटताना शाईत अतिशय बारीक भेगा पडतात. या भेगा म्हणजे दोष नव्हे. त्यांच्यामुळे जड झालेली शाई ताठ न राहता पानाबरोबर मोकळेपणाने कंप पावते. शाई मध्यभागी जाड व कडेला पातळ ठेवण्यामागेही हाच हेतू असतो. भोवतालची लव आणि कडेची चाट यांमुळे निरनिराळ्या आघातांना निरनिराळी जागा मिळते, तसेच चाट वरच्या उपस्वरांना आवर घालते.

या रचनेचे शास्त्रीय विश्लेषण प्रथम सी. व्ही. रामन यांनी केले. शिवकाली कुमार यांच्यासह त्यांनी १९२० मध्ये या विषयावरील टिपण प्रसिद्ध केले व पुढे भारतीय चर्मवाद्यांवर सविस्तर निबंध लिहिला. पानावर बारीक वाळू पसरून त्यांनी कंपनांच्या आकृत्या पाहिल्या. शाईच्या वजनामुळे पानाच्या नऊ कंपनप्रकारांची पाच गटांत मांडणी होते आणि ते पाच गट मूळ स्वराच्या एकपट ते पाचपट अशा क्रमाने येतात, असे त्यांनी दाखवून दिले. तबल्यावरील ‘ना’ किंवा ‘तिन्’ हा बोल ठोका न वाटता स्वर का वाटतो, याचे उत्तर त्यातून मिळाले. कारागिरांनी पिढ्यान्‌पिढ्या कानाने साधलेल्या गोष्टीला विज्ञानाने दिलेली ही मोठी दाद होती.

स्वरमयतेच्या कसोटीची मर्यादा

रामन यांच्या संशोधनाचे महत्त्व वादातीत आहे. तथापि त्याचा जो अर्थ पुढे संगीताच्या अध्यापनात रूढ झाला, तो तपासून पाहणे आवश्यक आहे. ‘भारतीय चर्मवाद्य स्वरमय असते, पाश्चात्त्य ड्रम केवळ गोंगाट करतो’ असे सरसकट विधान पाठ्यक्रमाच्या टिपणांत आणि व्याख्यानांत वारंवार ऐकू येते. या विधानात दोन गफलती आहेत.

पहिली गफलत अशी की, पाश्चात्त्य चर्मवाद्येही एकाच जातीची नाहीत. सुरांत लावली जाणारी टिंपनी तेथेही आहे. तेथील ड्रमसेटचा वादकदेखील पानाची निवड अत्यंत काटेकोरपणे करतो. पातळ, एकेरी पानाचा आवाज खुला व लांबणारा असतो, तर दुहेरी पानाचा आवाज आटोपशीर व टिकाऊ असतो. वरच्या व खालच्या पानाच्या ताणातील फरकाने नादाची लांबी आणि रंग बदलतो. म्हणजेच तेथेही नाद विचारपूर्वक घडवला जातो. फक्त साध्य वेगळे असते.

दुसरी गफलत अधिक गंभीर आहे. स्वरमयता हीच श्रेष्ठतेची एकमेव खूण मानली, तर शाई असलेली वाद्ये आपोआप वरच्या पंक्तीत बसतात. खंजिरी, डफडे, हलगी, संबळ, ढोल ही वाद्ये ‘अविकसित’ ठरतात. महाराष्ट्रातील बहुसंख्य लोकांच्या जन्म-मृत्यूशी, सणावारांशी आणि भक्तीशी जोडलेला नाद अशा रीतीने शास्त्राच्या आधारेच हलका ठरवला जातो. रामन यांनी एका विशिष्ट रचनेचे स्पष्टीकरण दिले होते. त्याचे रूपांतर सर्व चर्मवाद्यांच्या मूल्यमापनाच्या कसोटीत करणे ही नंतरच्यांची घाई होय.

अशोक दा. रानडे यांनी आदिम, लोक, भक्ती, कला, जन अशा संगीतकोटींचा विचार मांडला. प्रत्येक कोटीची प्रेरणा व प्रयोजन वेगळे असते, हा त्यांच्या प्रतिपादनाचा गाभा होता. हेच तत्त्व पानालाही लागू होते. कलासंगीताच्या पुडीचे माप भक्तिसंगीताच्या पानाला लावता येणार नाही.

खंजिरी आणि डफडे : शाईविना नाद

विदर्भाच्या संदर्भात हा मुद्दा खंजिरीच्या उदाहरणाने स्पष्ट होतो. राष्ट्रसंत तुकडोजी महाराज (१९०९–१९६८) यांनी आपल्या भजनासाठी हेच वाद्य हाती घेतले. मोझरीच्या गुरुकुंज आश्रमापासून खेड्यापाड्यांतील भजनी मंडळांपर्यंत खंजिरी पोहोचली आणि पश्चिम विदर्भात ती भजनाची ओळख बनली. कळंब तालुक्यालाही ही परंपरा परकी नाही.

खंजिरीला शाई नाही, गजरा नाही, गठ्ठे नाहीत. एका बाजूने उघड्या असलेल्या लहान चौकटीवर चढवलेले पातळ कातडे आणि कडेच्या झांजा एवढाच तिचा संसार. तिचा स्वर दोन उपायांनी जुळवला जातो. कातड्याला पाण्याचा हात लावला की ते सैलावते व आवाज खाली येतो. उन्हात किंवा शेकोटीजवळ धरले की ते आकसते व आवाज चढतो. कातडे हवेतील ओलावा शोषून घेते, त्यामुळे एकाच खंजिरीचा नाद श्रावणात आणि वैशाखात वेगळा असतो. उन्हाळ्यात पारा ४२ अंशांच्या पुढे जाणाऱ्या आणि पावसाळ्यात दमट होणाऱ्या या प्रदेशात पानाची लावणी ही ऋतूशी चाललेली सततची वाटाघाट असते.

तबल्याच्या कसोटीने पाहिले तर हा दोष वाटेल. परंतु भजनाच्या प्रयोजनाने पाहिले असता चित्र बदलते. खंजिरीचा आघात थोडक्यात संपतो, स्वर म्हणून मागे रेंगाळत नाही. म्हणूनच भजन काळी एकमध्ये असो वा पांढरी चारमध्ये, ती गायकाच्या षड्जाशी भांडत नाही. दहा गळे दहा तऱ्हेने लागत असले तरी ती सर्वांना सामावून घेते. दगडी, बंदिस्त जागेत भिंतींवरून परतणारा नाद आधीच घोटाळत असतो. तेथे आस धरणाऱ्या वाद्यापेक्षा आटोपशीर आघाताचे वाद्य शब्द स्पष्ट ठेवते. ज्या भजनाचा हेतू शब्द लोकांपर्यंत पोहोचवणे हा आहे, त्याला हेच पान उचित होय.

डफड्याची गोष्ट आणखी वेगळी आहे. पोळ्याला, लग्नाला वा अंत्ययात्रेला वाजणारे डफडे उघड्यावर वाजते. त्याचा आवाज शिवारापर्यंत जाऊन काही सांगायचा असतो. शेकोटीवर तापवून कडक केलेल्या पानाचा तीक्ष्ण आवाज अंतर कापून जातो. येथे नेमका स्वर नसणे ही उणीव राहत नाही. वाद्याचे काम हाक देण्याचे आहे, आणि हाकेला षड्ज विचारला जात नाही.

कृत्रिम पान : दुसरी एकांगी कसोटी

अमेरिकेत १९५७ च्या सुमारास पॉलिएस्टरच्या पातळ पडद्याची पाने बाजारात आली आणि ड्रमच्या जगात कातडे मागे पडले. महाराष्ट्रातही ताशा, ढोल, खंजिरी आणि डफ यांवर प्लास्टिकची अथवा फायबरची पाने आता सर्रास दिसतात. वादीऐवजी नट-बोल्टने ताणली जाणारी ढोलकीही रूढ झाली आहे.

या बदलाला केवळ ऱ्हास म्हणणे सोपे आहे, पण ते न्याय्य नाही. कृत्रिम पान पाणी शोषत नाही. भाद्रपदातील भर पावसाच्या मिरवणुकीत कातडी पान सैल पडून मुके होते, तेव्हा हे पान वाजत राहते. त्याची जाडी सर्वत्र सारखी असते, त्यामुळे ते सहज एकसारखे ताणता येते. किंमत, उपलब्धता आणि टिकाऊपणा हेही मंडळांच्या दृष्टीने खरे प्रश्न आहेत. रस्त्यावरील ढोलाचे प्रयोजन लक्षात घेता अशा ठिकाणी कृत्रिम पानाची निवड समर्थनीय ठरते.

प्रश्न निर्माण होतो तो तेच पान सर्वत्र लावले जाते तेव्हा. प्लास्टिकच्या खंजिरीचा आघात अधिक चकचकीत आणि मोठा असतो, त्यातील उपस्वर अधिक काळ झणाणत राहतात. कातड्यातील तंतूंची अंतर्गत घर्षणशक्ती ही झणझण लवकर शोषून घेते. कृत्रिम पडद्यात हे शोषण कमी असते. परिणामी भजनात खंजिरी पुढे येते व शब्द मागे जातात. मग गायक ध्वनिक्षेपक वाढवतो, त्यावर वादक जोर वाढवतो आणि भजनाचा तोल ढळतो. वरकरणी हा साधा तांत्रिक फेरबदल असतो, परंतु प्रत्यक्षात त्याने भजनातील शब्द आणि ताल यांचे नातेच बदललेले असते. स्वरमयतेच्या कसोटीने लोकवाद्यांना हलके ठरवले होते. मोठ्या आवाजाच्या कसोटीने आता त्यांचे वैविध्य पुसले जात आहे. दोन्ही कसोट्या एकांगी असल्याने त्यांचे परिणामही सारखेच एकांगी आहेत.

औचित्य आणि कारागीर

या पार्श्वभूमीवर क्षेमेंद्राने काव्याच्या संदर्भात मांडलेला औचित्यविचार चर्मवाद्यांना उपयुक्त ठरतो. जे ज्याला साजेल ते उचित, ही त्याची भूमिका. पानाच्या बाबतीत हे औचित्य चार अंगांनी पाहता येईल : प्रयोजन काय, जागा कोणती, सोबतीला कोणता आवाज आहे आणि ऋतू कोणता. या चारही प्रश्नांची उत्तरे देऊन निवडलेले पान चांगले. मग ते शाईचे असो, साध्या कातड्याचे असो वा कृत्रिम असो.

औचित्याला कायदा आणि नीतीचीही बाजू आहे. गोव्यातील घुमट हे मातीच्या भांड्याचे वाद्य परंपरेने घोरपडीच्या कातड्याने मढवले जाई. वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ अन्वये घोरपडीला संरक्षण मिळाल्यानंतर हे कातडे वापरणे बेकायदेशीर ठरले. कारागिरांनी बकरीच्या कातड्याकडे वळून नाद पुन्हा जुळवला. गोवा शासनाने २०१९ मध्ये घुमटाला वारसा वाद्याचा दर्जा दिला. पान बदलूनही वाद्याची ओळख राखता येते, मात्र त्यासाठी जुना नाद कानात जपून ठेवणारा कारागीर असावा लागतो, हा या उदाहरणाचा धडा होय.

येथेच खरा चिंतेचा विषय समोर येतो. कातडे कमावण्याचे व मढवण्याचे ज्ञान ज्या समाजांकडे होते, त्यांना या कामाच्या बदल्यात प्रतिष्ठेऐवजी अस्पृश्यता मिळाली. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी मृत जनावरे ओढण्यासारखी लादलेली कामे सोडण्याचे आवाहन केले, ते मानवी प्रतिष्ठेसाठी होते आणि त्याची ऐतिहासिक आवश्यकता निर्विवाद आहे. म्हणून ‘पारंपरिक कारागिरी टिकली पाहिजे’ असे म्हणताना ती जुन्या अटींवर टिकावी, असा अर्थ होता कामा नये. नाद हवा पण तो घडवणारा हात नको, ही वृत्ती संगीताच्या रसिकतेत शतकानुशतके लपलेली आहे. तबलावादकाचे नाव जाहिरातीत मोठ्या अक्षरांत छापले जाते. पुडी मढवणाऱ्याचे नाव मात्र त्याच वादकाच्या वहीतही क्वचितच सापडते. कारागिराच्या ज्ञानाला ज्ञान म्हणून मान्यता, योग्य मोबदला आणि जातीचे बंधन नसलेले शिक्षण मिळाले, तरच हे काम कोणीही अभिमानाने स्वीकारील.

समारोप

वरील विवेचनावरून काही निष्कर्ष मांडता येतात. चर्मवाद्याचा नाद मुख, ताण, वजन आणि पानाचा एकसारखेपणा यांतून घडतो व तो वादनापूर्वीच मोठ्या प्रमाणात निश्चित होतो. शाई आणि कणीक हे स्वरमयतेचे दोन वेगळे मार्ग असून त्यांचे शास्त्र रामन यांनी उलगडले, परंतु त्या शास्त्राला सर्व वाद्यांची कसोटी मानणे चुकीचे आहे. खंजिरी, डफडे यांसारख्या वाद्यांचे पान त्यांच्या प्रयोजनाच्या संदर्भात तितकेच विचारपूर्वक घडलेले आहे. कृत्रिम पान सर्वत्र त्याज्य नाही आणि सर्वत्र स्वीकार्यही नाही.

महाविद्यालयांच्या दृष्टीने याला प्रत्यक्ष महत्त्व आहे. युवक महोत्सवातील लोकवाद्यवृंद आणि तालवाद्य स्पर्धांसाठी महाविद्यालये वाद्ये खरेदी करतात, तेव्हा बहुधा किंमत आणि आवाज एवढेच पाहिले जाते. परीक्षणातही हाताच्या वेगाला गुण मिळतात, नादाच्या निवडीला क्वचितच. वाद्य खरेदीच्या नोंदीत पानाचा प्रकार आणि मढवणाऱ्या कारागिराचे नाव लिहिणे, विद्यार्थ्याला पुडी चढवायला व खंजिरी शेकायला शिकवणे, कारागिराला मानधन देऊन वर्गात बोलावणे, ही पावले कोणत्याही लहान महाविद्यालयाला सहज उचलता येण्यासारखी आहेत. भौतिकशास्त्राच्या प्रयोगशाळेतील ताणाचा प्रयोग आणि संगीत विभागातील तबल्याची हातोडी यांची त्या निमित्ताने एकमेकांशी ओळख झाली, तर बहुविद्याशाखीय अभ्यास या शब्दालाही अर्थ प्राप्त होईल. पानाविषयीचा निर्णय अजाणता होत राहिला तर तो बाजारपेठ घेईल. जाणतेपणाने घेतला तर गावाचा स्वतःचा नाद टिकण्यास मदत होईल.